आजोबांना कळता कामा नये

शाळेचा निरोप केरबा ओव्हाळच्या मोबाइलवर सकाळच्या चहाला आला. मुलगा कंपनीत, सून नोकरीला, त्यामुळं घरात हमखास फोन उचलणारा माणूस म्हणून मानसीच्या शाळेत केरबाचाच नंबर दिलेला होता. निरोप गंभीर होता. शाळेत ‘आजोबा सन्मान सोहळा’ आयोजित करण्यात येत असून, प्रत्येक विद्यार्थ्याने टाकाऊ वस्तूंपासून, स्वतःच्या हाताने, आपल्या आजोबांसाठी भेटवस्तू तयार करावी. शेवटची ओळ ठळक होती : ‘सदर बाब आजोबांना कोणत्याही परिस्थितीत कळता कामा नये.’

केरबानं चष्मा पुसून ती ओळ पुन्हा वाचली आणि शाळेच्या शिस्तीप्रमाणं खाली अंगठा टाकून ‘वाचलं’ म्हणून कळवलं.

सून तेजल लोणावळ्याच्या एका हॉटेलात रिसेप्शनला होती. डबा पिशवीत कोंबत ती बाहेर आली.

“तेजल, साळंचा निरोप आलाय. पर मला सांगता यायचा न्हाई.”

“का?”

“मला कळायचा न्हाई, असं लिवलंय.”

तेजलनं फोन हातात घेऊन निरोप वाचला आणि कपाळाला हात लावला. हॉटेलात लग्नांचा हंगाम होता. नवऱ्याला, म्हणजे सुहासला, डबल शिफ्ट लागली होती. राहता राहिली मानसी. पण तिसरीतल्या मानसीला डान्स, अबॅकस आणि सुंदर हस्ताक्षर यांच्या जोडीला हस्तकलेचाही क्लास होता. त्यामुळं हातानं काही करायला तिला वेळच नव्हता.

“आबा, तुम्हीच करा ना.”

“मी? माझ्यासाटी?”

“तुमच्यासाठी नाही हो. आजोबांसाठी.”

केरबाची बायको मुक्ताबाई चुलीपाशी हे ऐकत होती. “करा की,” ती म्हणाली. “जलमभर दुसऱ्याच्या गेटावर बसून काडलं. आता सोताच्या सत्काराला तरी बोटं हलवा.”

यात खोटं काही नव्हतं. केरबानं तळेगावच्या बाजूला एका कारखान्यात वॉचमनची नोकरी केली. जन्मभर त्यानं वस्तू आत जाताना पाहिल्या, बाहेर येताना पाहिल्या; आत त्या कशा होतात ते काही त्याला कधी दिसलं नाही. कात्री त्यानं आजवर फक्त मिशी कापायला धरली होती. तरीपण नातीची इज्जत आणि आजोबांचा सन्मान असा दुहेरी प्रश्न असल्यानं तो कामाला लागला.

पहिली अडचण टाकाऊची आली. मुक्ताबाईच्या घरात टाकाऊ असं काही शिल्लक राहतच नसे. रंगाच्या डब्यात आंघोळीचं पाणी होतं, सरबताच्या बाटलीत गोडेतेल होतं, जुन्या लुगड्यांची गोधडी झाली होती आणि गोधडीचं पायपुसणं. केरबानं सगळं घर उलथंपालथं केलं.

“या घरात टाकाऊ असा एकच जिन्नस हाय,” मुक्ताबाई त्याच्याकडं निरखून बघत म्हणाली, “पर त्याच्यापास्नं टिकाऊ काय व्हनार न्हाई.”

केरबा कामशेतला निलेशच्या स्टेशनरीच्या दुकानात गेला.

“थोडं टाकाऊ पायजे हुतं.”

“साधं का शाळेचं?” निलेशनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता सीलबंद पाकीट काउंटरवर ठेवलं. आत कोरी बुचं, काळी लोकर, कोरे पुठ्ठ्याचे रोल, कुणीही न चोखलेल्या आइस्क्रीमच्या काड्या आणि कधीच न वाजलेल्या सीडी होत्या. वर छापलं होतं : ‘टाकाऊ साहित्य संच. अस्सल.’

“आरं, ह्ये तर नवंकोरं हाय.”

“मग? वापरलेलं टाकाऊ शाळा घेत नाही, आबा. इन्फेक्शनची भानगड.”

“पर टाकाऊ म्हंजी कुनीतरी टाकल्यालं पायजे ना?”

“मग हे काय? गोडाऊनमध्ये एका कोपऱ्यात टाकलेलंच होतं मी.”

एवढ्या शास्त्रशुद्ध उत्तराचे केरबानं पैसे मोजले. घरी आल्यावर मुक्ताबाईनं ते पाकीट उघडलं, आतलं टाकाऊ त्याच्या हवाली केलं आणि रिकामं पाकीट धुऊन पापड ठेवायला घेतलं.

मोबाइलवर एक बाई पाच मिनिटांत मोराचा पेन-स्टँड करून दाखवत होती. केरबाकडं पेन नव्हतं. पण पेन-स्टँड आजोबांसाठी होता, आणि आजोबांकडं काय आहे नि काय नाही याची विचारपूस निरोपात कुठंच नव्हती. निलेशनं संचाबरोबर गरम गोंदाची बंदूकही गळ्यात मारली होती. आयुष्यभर काठीवर पहारा केलेल्या केरबाच्या हाती शेवटी बंदूक आली, ती अशी. पहिल्या दुपारी त्यानं स्वतःचा अंगठा पुठ्ठ्याला चिकटवला. दुसऱ्या दुपारी पुठ्ठा पाटाला आणि पाट लेंग्याला चिकटला. पण हळूहळू हात बसत गेला आणि एक देखणा मोर उभा राहिला. मुक्ताबाईसुद्धा त्याच्याकडं बघून काही बोलली नाही. ओव्हाळांच्या घरात याला कौतुक म्हणत.

मोराचा फोटो पूर्वमान्यतेसाठी शाळेला गेला. लगेच वर्गशिक्षिका समीक्षा मॅडमचा फोन आला.

“मानसीच्या घरून बोलताय? कोण बोलतंय?”

आजोबा म्हणावं तर नियम मोडतो. केरबाच्या तोंडून सवयीनं निघालं, “सिक्युरिटी.”

“अरे वा! मग बरंच झालं,” मॅडमचा जीव भांड्यात पडला. “तिच्या आईला निरोप द्या. मोर फारच सुबक झालाय. तिसरीतल्या मुलीनं केल्यासारखा वाटत नाही. आमची अस्सलता समिती हरकत घेईल. आणि हो, आजोबांना यातलं काही कळू देऊ नका.”

“आतमंदी सोडनार न्हाई त्यांना,” केरबानं शब्द दिला.

दुसरा मोर त्यानं डाव्या हातानं केला, आणि ऐन मोक्याच्या जागी डोळे मिटून. तो मोर कोंबडीसारखा झाला होता, आणि कोंबडीही टेम्पोखाली सापडलेली. फोन परत वाजला.

“हे काय पाठवलंय? प्रदर्शनाला संस्थेचे अध्यक्ष येणार आहेत!”

“मग कसा पायजे म्हनता, मॅडम?”

समीक्षा मॅडमनी समजावून सांगितलं. त्या वर्षानुवर्षं हेच सांगत आल्या असाव्यात, इतकं ते वाक्य गुळगुळीत झालेलं होतं : “मुलानं केल्यासारखा दिसायला हवा, पण मुलानं केलेला दिसायला नको.”

हे सूत्र समोर ठेवून केरबा तिसऱ्या मोराला बसला. अर्धा सुबक, अर्धा वाकडा असं त्याचं मोजमाप चाललं असताना मानसी डान्सवरून आली. अबॅकसला जायला थोडा अवकाश होता. ती आबाच्या मांडीला टेकून उभी राहिली, मोराकडं बघत राहिली, आणि मग संचातल्या काळ्या लोकरीचा तुकडा उचलून तिनं चोचीखाली चिकटवला. एक बाजू वर, एक बाजू खाली.

“ह्ये गं काय?”

“मिशी.”

“मोराला मिशी?”

“तुला आहे ना, आबा,” मानसी म्हणाली, आणि दप्तर घेऊन पळाली.

केरबा त्या मिशीकडं बघत बसला. ती सरळ करावी म्हणून त्याचा हात पुढं गेला आणि आपसूक मागं आला. ओल्या सारवणावर पाय पडू नये म्हणून माणूस जसा कडेनं चालतो, तसा त्यानं मिशीच्या कडेकडेनं बाकीचा मोर पुरा केला. शाळेचा शेरा आला : ‘बालसुलभ चूक आढळून आल्याने मान्य.’

आता फक्त पुरावा राहिला होता. मूल स्वतः वस्तू बनवत असल्याची चित्रफीत सोबत जोडायची होती. मानसीला वेळ होता, पण हातांना मेंदी लागलेली होती, डान्सच्या परीक्षेसाठी. शेवटी मुक्ताबाईनं तोडगा काढला. मानसी पुढं उभी राहिली, हात पाठीमागं. तिच्या मागं केरबा गुडघ्यावर बसला, डोक्यावरून चादर घेतली आणि तिच्या दोन्ही काखांतून आपले हात पुढं काढले. मुक्ताबाईनं फोन धरला. चादरीतून काही दिसत नसल्यानं केरबानं आधी मानसीच्या नाकाला गोंद लावला, मग मोराला. मानसी कॅमेऱ्यात बघून गोड हसत राहिली. चित्रफीत गेली.

थोड्याच वेळात समीक्षा मॅडमचा फोन आला. आवाज चमत्कारिक होता.

“सिक्युरिटी, चित्रफितीत मानसीच्या मनगटावर ‘केरबा’ असं गोंदलेलं दिसतंय.”

केरबानं आपल्या मनगटाकडं पाहिलं. तरुणपणी जत्रेत गोंदवून घेतलं होतं.

“व्हय,” तो चाचरत म्हणाला.

“ते तिच्या आजोबांचं नाव ना?”

“व्हय.”

पलीकडं हुंदका ऐकू आला. “एवढंसं लेकरू! किती हे प्रेम! अजून कुणीच इतकं केलेलं नाही.” हातावरच्या पिकल्या केसांचा मुद्दा त्यानंतर कुणी काढला नाही.

सोहळ्याच्या दिवशी शाळेच्या मैदानात मांडव होता. मावळातले झाडून सगळे आजोबा धुतल्या कपड्यांत ओळीनं बसले होते आणि कुणाचीही बोटं धड नव्हती. कुणाला पट्टी, कुणाला फोड, कुणाच्या भुवईत सोनेरी चमकी. केरबाच्या शेजारी परंदवडीचे दत्तोबा बसले होते. रस्त्याला लागून जमीन, कडक टोपी, गावात शब्दाला वजन. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं एकमेकांना चिकटलेली होती.

“काय दत्तोबाभाऊ, बोटांना काय झालं?”

“भात झोडताना लागलं.”

“उन्हाळ्यात?”

दत्तोबांनी केरबाच्या अंगठ्याकडं पाहिलं. “आन तुमचं, केरबाभाऊ?”

“माजंबी भातच,” केरबा म्हणाला.

अध्यक्षांचं भाषण झालं. आजची पिढी मोबाइलमध्ये अडकली आहे असं म्हणतात, पण या चिमुकल्या हातांकडे पाहा, असं ते म्हणाले. सगळ्या आजोबांनी आपापले हात मांडीखाली सारले. मग भेटी देण्याचा कार्यक्रम सुरू झाला. प्रदर्शनातून वस्तू उचलून आणताना शिपायानं चिठ्ठ्यांची गल्लत केली होती. मानसी रांगेतून आली ती हातात एक बैल घेऊन. बैलाला पाच पाय होते. त्यातला एक शेपूट असावा. त्याच वेळी दत्तोबांचा नातू स्वराज मिशीवाला मोर घेऊन त्यांच्यापुढं उभा राहिला.

“आबा, हा आपला नाहीये,” मानसी कुजबुजली. “मिशी कुठंय?”

“मानसी, इकडे बघ, हस!” समीक्षा मॅडम ओरडल्या आणि फोटो निघाला.

केरबाला बैल सोन्याचा दिला असता तरी नको होता. अख्ख्या मोरात नातीच्या हातची म्हणून तेवढी एक मिशीच होती, आणि ती आता परंदवडीला निघाली होती. पण हा बैल माझा नव्हे म्हणायचं, तर आपली भेट कुठली ते आजोबांना ठाऊक असायला हवं. आणि आजोबांना काहीही ठाऊक नव्हतं. त्यानं जरा आडून सुरुवात केली.

“तुमचा मोर झकास हाय.”

“बैलबी तुमचा बरा हाय,” दत्तोबा बैलावरून नजर न काढता म्हणाले.

“पाच पाय कशापाई असत्याल?”

“शेपूट हाय त्ये!” दत्तोबा उसळले आणि लगेच सावरून म्हणाले, “म्हंजी, असावं.”

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. मग दोघंही एकदमच उठले, लघवीला जातो म्हणाले, आणि भेटी पंचाखाली धरून शाळेमागच्या पाण्याच्या टाकीपाशी गेले.

“आमच्या सर्जाला म्होरं उबा करून केलाय,” दत्तोबा बैलाला कुरवाळत म्हणाले. “सून म्हनली, मामा, तुमीच करा. ज्या हातानं पंचायत चालवली त्या हातानं शेपूट चिकटवलं, केरबाभाऊ.”

“शिंगं लय भारी जमल्यात,” केरबा मनापासून म्हणाला. दोघंही हसायला लागले. मोर इकडं आणि बैल तिकडं होतोय तोच मागून आवाज आला.

“आजोबा!”

समीक्षा मॅडम होत्या. मागं अध्यक्ष आणि त्यांच्या मागं फोटोग्राफर. मुलांनी रक्त आटवून केलेल्या भेटींची हे दोघं टाकीमागं अदलाबदल करत होते! दत्तोबांनी क्षणात बैल केरबाच्या हातात कोंबला. “मी न्हाई बा. ह्योच मोर मागत हुता,” ते म्हणाले.

प्रकरण मंचावर गेलं. अध्यक्षांनी केरबापुढं माइक धरला. “आजोबा, तुम्हाला हाच मोर का हवा?”

केरबानं मांडवाकडं पाहिलं. मानसी पहिल्या ओळीत उभी राहून बघत होती.

“माजा हाय म्हून. मी केलाय त्यो. निस्ती मिशी पोरीची हाय, बाकी समदा मी केलाय.”

समीक्षा मॅडमचा चेहरा पांढरा पडला. मोर याचा धरला तर चित्रफीत खोटी, चित्रफीत खोटी तर समितीची मान्यता खोटी, आणि मग बाकीच्या वस्तूंचं काय, हा प्रश्न मांडवभर फिरून सगळ्यांच्या तोंडावर येऊन बसला. अध्यक्ष मात्र मुरलेले होते. त्यांनी केरबाच्या खांद्यावर हात ठेवला.

“पाहिलंत?” ते माइकमध्ये भरल्या गळ्यानं म्हणाले. “नातीनं केलेली भेट या वृद्ध जीवाला इतकी आपली वाटली, की ती आपणच केली असं त्यांना वाटू लागलंय! यापेक्षा मोठं यश आपल्या उपक्रमाला काय हवं?”

टाळ्यांचा कडकडाट झाला.

“आणखी कुणा आजोबांना असं वाटतंय का,” अध्यक्षांनी प्रेमळपणे विचारलं, “की आपली भेट आपणच केलीय? वाटत असेल तर सांगा. आपण डॉक्टरांना दाखवू.”

एकही हात वर आला नाही. सगळे आजोबा आपल्या चपला बघत होते. दत्तोबा टाळ्या वाजवत होते; चिकटलेल्या बोटांमुळं त्यांच्या टाळीचा आवाज तेवढा वेगळा येत होता.

मोर आणि बैल वादग्रस्त ठरल्यामुळं शाळेच्या कार्यालयात काचेच्या कपाटात कुलपात गेले. संस्थेनं केरबाच्या विकाराला ‘भेट-भ्रम’ असं नाव दिलं आणि त्यावर उपायही शोधला. स्वतः केलेली वस्तू आणि न केलेली वस्तू यांतला फरक आजोबांच्या मनावर ठसावा, म्हणून शिबिर ठरलं. प्रत्येक आजोबांनी स्वतःच्या हाताने नातवंडासाठी भेट बनवून आणावी. खबरदारी म्हणून ते सर्वांना सक्तीचं होतं.

तो निरोप वाचून केरबानं खाली अंगठा टाकला. मग मानसी हस्तकलेच्या क्लासहून आली तेव्हा त्यानं लोकरीचा उरलेला तुकडा पुढं केला.

“मने, एक मिशी करून दे की मला. निस्ती मिशी. घरात ठिवाया.”

मानसीनं त्याच्याकडं नवलानं पाहिलं. “आबा, हातानं करायचं ते शाळेसाठी असतं. घरी कशाला?” ती म्हणाली, आणि हस्ताक्षराच्या क्लासला गेली.

केरबानं लोकर खिशात घातली. दुसऱ्या दिवशी तो कान्हे स्टेशनवर लोकलमध्ये बसून लोणावळ्याला उतरला आणि पाहुण्यांसाठी थाटलेल्या एका झगमगीत दुकानात शिरला. पाटीवर ‘प्रेमाने हाताने बनवलेले’ असं लिहिलं होतं.

“ह्ये हातानं क्येल्यालं हाय का?” त्यानं एक घुबड उचलून विचारलं.

“मशीनचं आहे, बाबा,” दुकानदार प्रामाणिक होता. “पण वाकडं करायला माणूस ठेवलाय आम्ही. माल खात्रीचा आहे.”

केरबानं घुबड घेतलं. वळताना त्याला लटकणाऱ्या तोरणांच्या आड एक कडक टोपी दिसली. पलीकडं आणखी दोन ओळखीचे आजोबा खाली मान घालून घुबडं निवडत होते. कुणी कुणाला रामराम केला नाही.

शिबिरात केरबानं घुबड मानसीच्या हातात ठेवलं. मानसीचे डोळे मोठे झाले. दोन्ही गालांवर हात गेले, तोंडाचा चंबू झाला. “आबा! हे तू केलंस? माझ्यासाठी?” ती म्हणाली. इतकी सुंदर चकित झालेली नात केरबानं कधी पाहिली नव्हती. त्याला भरून आलं. आणि हे हिला शिकवलं कुणी, असंही वाटून गेलं. कारण चकित होता होता मानसीनं घुबड उलटं केलं होतं, बुडाला चिकटलेला किमतीचा कागद अंगठ्याच्या नखानं अलगद सोलला होता, आणि घुबड पुन्हा सरळ करून कॅमेऱ्याकडं धरलं होतं.

तो फोटो त्याच दिवशी मावळभर फिरला, मग पुण्यात गेला, आणि तिथून तुमच्याही घरच्या ग्रुपवर आला. मोठा करून पाहिला असतात, तर मानसीच्या अंगठ्याला चिकटलेला कागद तुम्हाला स्वच्छ दिसला असता, किमतीसकट. तुम्ही मोठा केला नाहीत. लाल बदाम टाकलात, खाली ‘याला म्हणतात संस्कार’ असं लिहिलंत आणि पुढं ढकललात.